सिनेमातल्या बाईला मोजता येत नव्हतं

हिरा, तू गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले आणि मी वहीचे कागद घेऊन पडवीत बसलोय. हसू नको. चौथी सुटल्यापासून मी एवढं लांब काय लिहिलंय? ग्रामपंचायतीला दोन अर्ज आणि एका पत्राखाली एक सही. त्या सहीवर येतोच.

तेराव्याला डोंगरवाली मंडळी आली होती, ठाण्याहून गड चढायला येणारी. सगळी जमिनीवर बसून जेवली, पत्रावळी स्वतः उचलल्या. जाताना मीनानं मला कागद दिले. म्हणाली, बाबा, आमच्या मंडळाचा वर्षाचा अंक निघतो, त्यात मावशींवर तुम्हीच लिहा. अर्धं पान पुरे. त्यांच्या हातच्या भाकऱ्या, थंडीतली वालाच्या शेंगांची पोपटी, पाय मुरगळलेल्या पोरांना त्या तेल चोळायच्या ते. चुका आम्ही नीट करू. मी म्हणालो, लिहितो, पण चुका नीट करू नको. ती बरं म्हणाली.

भाकऱ्यांचं लिहायला बसलो तर दोन ओळींत संपलं. भाकऱ्या तू चांगल्या करायचीस. चांगल्या नसत्या तर लोक परत आले नसते. त्यात लिहायचं काय? मग कागद उरले, आणि कागद उरले म्हणजे जे लिहायचं टाळत होतो तेच लिहायचं उरलं.

पुस्तकाचं तुला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांत नवीन पोरं असतील म्हणून सांगतो. ठाण्याचे एक साहेब होते, कचेरीत कामाला. रजा काढून एकटेच पेणपासून रोह्यापर्यंत डोंगराडोंगरानं चालत निघाले. खाली सडक आहे, एसटी आहे, आणि हा माणूस वरून चालतोय. सातव्या दिवशी आमच्या गडाच्या मागं त्यांना ताप भरला, वाट चुकली, पाणी संपलं. पुढं बऱ्याच वर्षांनी त्यांनी त्या चालण्याचं पुस्तक लिहिलं. शेवटचा धडा आमच्या वाडीचा. त्यात लिहिलंय की तापानं डोळे उघडत नव्हते, कमरेला दोर होता, मागून कुणीतरी दोर धरून वीसपर्यंत मोजायचं, खाली बसवायचं, उठवून पुन्हा मोजायचं. असं करत डोंगर उतरलो. डोळे उघडले तेव्हा अंगणात होतो आणि समोर धोंडूबाबा बसला होता. धड्याला नाव दिलंय ‘धोंडूबाबाचा दोर’.

साहेबांनी खोटं काय लिहिलं नाय. डोळे उघडल्यावर समोर मीच होतो. मधलं त्यांनी जोडून घेतलं, आणि मी जोडू दिलं.

आता खरं झालं ते सरळ लिहितो.

मार्गशीर्ष होता. मी खळ्यावर भात झोडत होतो. वाडीतल्या बाया सकाळी लाकडांना वर गेल्या त्या उतरल्या, तू नाय उतरलीस. त्या म्हणाल्या, हिराची मोळी सुटली, ती पुन्हा बांधायला मागं राहिली, येईल. तू मोळी बांधत होतीस तेव्हा तुला करवंदीच्या जाळीमागं कण्हणं ऐकू आलं. आधी तुला रानडुक्कर वाटलं. दगड घेऊन बघायला गेलीस तर पँट घातलेला माणूस. एक बूट पायात, एक हातात. अंग तव्यासारखं. त्याच्या तोंडात तू कनवटीचे दोन आवळे घातलेस, कारण पाणी तुझ्याकडंही नव्हतं. मग मोळीचा दोर सोडलास, त्याच्या कमरेला बांधलास आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलंस. त्याला पुढं घातलंस, तू मागं. उतारावर माणसाला पुढून ओढायचं नसतं, मागून धरायचं असतं. तू खाडीकाठची, वडखळच्या खालच्या मिठागरावरची. तुमच्याकडं ओहोटीला भरलेली होडी सोडताना असाच मागून दोर धरतात, हे तू मला लग्न झाल्या वर्षीच सांगितलं होतंस.

आणि मोजणं. मिठाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावरनं चालताना तुम्ही बाया मोजत चालायच्या. पहिल्या टोपलीला एक म्हणायचं नाय, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार, वीसपर्यंत. वीस झाले की पुन्हा लाभ. तसेच तू त्याचे पाय मोजलेस. वीस पावलं झाली की त्याला बसवायचीस, वीस झाली की बसवायचीस. बाया उतरल्या त्या जेवणवेळेला, तू उतरलीस ती उन्हं कलल्यावर.

आमच्या शेताच्या वरच्या बांधावरून तू हाक मारलीस. मी धावलो. त्याला पाठीवर घेतला आणि अंगणात आणून टाकला. शंभर पावलं असतील. तेवढाच माझा डोंगर.

पाठीवर घेतला तेव्हा तू बांधावरच थांबली होतीस. दोर हातावर गुंडाळत म्हणालीस, “तुमीच आणलात म्हणा. परक्या बाप्याला दोर लावून रानातून आणला म्हणून माझं नाव व्हईल.”

मी म्हणालो, बरं.

तुझं म्हणणं तेव्हा चुकीचं नव्हतं. माझी आई जिवंत होती, भावकी जिवंत होती, आणि वाडीतल्या बायांची तोंडं तर जोरात जिवंत होती. मी साहेबांना गाडीत घातलं, बैल जुंपले आणि रोह्याला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी परत आलो तर आई तुला विचारत होती, कालची मोळी कुठाय? सगळ्या बायांनी आणली, तू काय वर झोपली होतीस? तू मान खाली घालून उभी. दोर लपवून ठेवलेला. मी तसाच वर गेलो. जागा तू सांगितलीस तशीच सापडली, जाळी, मोडलेल्या फांद्या, आणि बाजूला तुझी मोळी, एक एक लाकूड नीट सारखं करून ठेवलेलं. ताप आलेला माणूस समोर असताना तू लाकडं सारखी करून ठेवली होतीस. मी ती बांधली, डोक्यावर घेतली आणि वाडीतून आणली. आमच्याकडं बाप्या मोळी डोक्यावर घेत नाय, खांद्यावर घेतो. पण लाकडं डोक्यावरच्या मोळीच्या मापाची तोडलेली. पारावरचे लोक हसले. एक म्हणाला, धोंडू, लुगडं कधी नेसतोस? मी म्हणालो, तुझं धुऊन वाळलं की.

माणूस तू आणलास. मी मोळी आणली, तीसुद्धा दुसऱ्या दिवशी.

पुस्तक आलं तोपर्यंत आई नव्हती. बोलणाऱ्या अर्ध्या बायाही नव्हत्या. साहेब स्वतः पहिली प्रत घेऊन आले, अंगणात खाटेवर बसले आणि शेवटचा धडा मोठ्यानं वाचला. तू सुपात तांदूळ पाखडत होतीस. दोरापर्यंत आले तेव्हा तुझं सूप थांबलं. मी तुझ्याकडं बघितलं, तू माझ्याकडं. त्या वेळी मी म्हणू शकलो असतो, साहेब, थांबा, दोर धरणारी ही. काय झालं असतं? काय नाय. भ्यायचं कुणाला उरलं होतं? पण साहेबांचे डोळे भरलेले, माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरलेला, आणि मला ते बरं वाटलं. खरं तेच लिहितो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी शिकलेल्या माणसानं माझा हात असा धरला होता. तुझं सूप पुन्हा सुरू झालं.

मग डोंगरवाली पोरं यायला लागली. सकाळच्या पॅसेंजरनं यायची, रोह्याला उतरायची, चालत वाडीत. पिशवीत पुस्तक, पुस्तकात तो धडा दुमडलेला. पुस्तकातले बाबा ते हेच, म्हणून पाया पडायची. मी त्यांना गडावर न्यायचो, साहेब सापडले ती जाळी दाखवायचो. जाळी दाखवताना कुठं कसा दोर बांधला तेही सांगायचो. तुझ्याकडून ऐकलेलं सगळं, फक्त तुझ्या जागी मी. दहाबारा वेळा सांगितल्यावर मलाच आठवायला लागलं. ही खोट्याची गंमत आहे, सांगून सांगून अंगाला चिकटतं.

तू खाली चूल पेटवून बसलेली असायचीस. आम्ही उतरलो की तू भाकऱ्या मोजायचीस, मोठ्यानं. लाभ, दोन, तीन. एकदा साहेबही होते. वय झालं होतं, पण वर्षातून एकदा यायचे. तू भाकऱ्या मोजत होतीस आणि साहेबांचा घास हातातच राहिला. मान वर केली, तुझ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, “हे लाभ काय?”

तू तव्यावरची भाकरी उलथलीस. बोलायचं माझ्यावर सोडलंस.

मी म्हणालो, “आमच्याकडं सगळेच म्हणतात. भात मापताना पहिल्या पायलीला लाभच म्हणतात.”

यात खोटं काय होतं? सगळेच म्हणतात. मीही म्हणतो. पण त्या दिवशी त्या बोलण्याचा उपयोग मी झाकण म्हणून केला. साहेब हं म्हणाले आणि जेवले. जाताना वळून एकदा तुझ्याकडं बघितलं. पुढच्या वर्षी ते आले नाहीत, ते गेल्याचं पत्रच आलं. आता त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच.

त्यांच्या मागं पुस्तकावर सिनेमा निघाला.

मंडळानं जीप केली आणि आपल्या दोघांना पेणला न्यायला आले. सुभाष होता, मंडळाचा पुढारी, पुस्तक पाठ असलेला. मीना होती. आणखी पाचसहा जण. तू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलीस. कोलाडच्या पुढं रेल्वेचं काम चाललंय ते बघायला चल म्हणून मी दोन वर्षं सांगत होतो तेव्हा आली नाहीस, सिनेमाला मात्र जीपमध्ये आधी चढून बसलीस. दुपारचा खेळ होता. मी तुला विचारलं, कशाला एवढी घाई? तू म्हणालीस, “बघूया तरी, तुमाला किती देखणा केलाय.”

मी त्यात नव्हतोच.

सिनेमा सुरू झाल्यापासून डोंगरवाल्यांची कुजबूज चालू. हा डोंगर आपला नायच, दुसरीकडंच कुठं काढलाय. मार्गशीर्षात धबधबा कसा? सॅक बघ, आत उशी भरलीय, हलतेय बघ. बूट बघ, सातव्या दिवशी नवे कोरे. सुभाष तर पुढचं वाक्य आधी म्हणायचा आणि ते पडद्यावर आलं नाय की कपाळाला हात लावायचा. तू शेंगा खात मजेत बघत होतीस. तुला सगळंच आवडत होतं, सिनेमातली कुत्रीसुद्धा.

मग त्या साहेबाला ताप भरला, तो झाडीत पडला, आणि पडद्यावर बाई आली.

तरणी, देखणी, डोक्यावर चार काटक्यांची मोळी आणि पायांत पैंजण. आमच्या रांगेत एकच आवाज झाला, जेवणात खडा लागल्यासारखा. सुभाष म्हणाला, ही कोण? तुझ्या शेंगा थांबल्या. बाईनं मोळी टाकली. दोर सोडला. त्याच्या कमरेला बांधला. मला घाम फुटला, हिरा. त्या सिनेमावाल्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाय. त्यांना नटी पाहिजे होती, गाणं पाहिजे होतं, म्हातारा धोंडू त्यांना कशाला? नटीसाठी त्यांनी एक बाई बनवली आणि ती नेमकी खरी निघाली.

बाई त्याला पुढून ओढत निघाली आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन.

अंधारात तू हळूच म्हणालीस, “लाभ.”

मला ऐकू आलं. दुसऱ्या कुणाला नाय.

खेळ सुटल्यावर बाहेर आवारात मोठं भांडण. आपण दोघं कडेला उसाचा रस घेऊन उभे. सुभाष लाल झाला होता. म्हणत होता, पुस्तकाचा मुडदा पाडला. शेवटच्या धड्यातला जीव काढून तिथं बाई कोंबली. म्हातारा शेतकरी एका अनोळखी माणसाला खाली आणतो, त्यात प्रेम नाय, गाणं नाय, नुसती माणुसकी, तेच तर पुस्तक आहे. दुसरा म्हणाला, आणि उतारावर पुढून ओढतात का कुणाला? दोघंही तोंडावर पडले असते. एकजण रडवेला झाला होता, म्हणत होता, मी हे पुस्तक वाचून डोंगरात यायला लागलो, आता लोक सिनेमा बघून येतील.

मीना एकटी वेगळं बोलली. म्हणाली, मला बाई आवडली. अख्ख्या पुस्तकात एकही बाई डोंगरात चालत नाय. जी आहे ती चुलीपुढं. सुभाष म्हणाला, म्हणून काय खोटी घालायची? मीना म्हणाली, खोटी असेल, पण बघून बरं वाटलं. मग ती तुझ्याकडं वळली. “मावशी, तुम्हाला कशी वाटली?”

तू रसाचा गिलास खाली ठेवलास. तोंड पुसलंस. “बाई बरी व्हती,” म्हणालीस. “पण मोजाय येत नाय तिला.”

सगळे हसले. सुभाषसुद्धा हसला. मावशी एकदम भारी बोलतात, असं झालं. मी हसलो नाय. तू माझ्याकडं बघितलं नाहीस.

पुढच्या रविवारी ते पत्र घेऊन आले. पेपरात छापायला द्यायचं होतं. सुभाषनं वाचून दाखवलं. सिनेमात मूळ पुस्तकाचा कसा विपर्यास केलाय, डोंगर कसा भलताच दाखवलाय, आणि शेवटी, त्या प्रसंगातली स्त्री पूर्णपणे काल्पनिक असून प्रत्यक्ष साहेबांना वाचवणारे धोंडूबाबा आजही हयात आहेत व तेच याला साक्षी आहेत. खाली मंडळाच्या सगळ्यांच्या सह्या. वरची जागा माझ्यासाठी मोकळी. सुभाष म्हणाला, “बाबा, साहेब आता नाहीत. त्यांच्या बाजूनं बोलणारे तुम्हीच एकटे. तिथं कुणी बाई नव्हती, बरोबर ना?”

तू चहाचे कप घेऊन दारात उभी होतीस.

किती वेळ गेला असेल? दोन श्वास. त्या दोन श्वासांत मी हिशेब केला. नव्हती म्हणालो तर एक माणूस दुखावेल आणि ते माणूस घरातलं आहे, सांभाळून घेईल. होती म्हणालो तर ही सगळी पोरं उठून जातील, आणि मग मी नुसता धोंडू.

मी म्हणालो, नाय, कुणी नव्हती. आणि सही केली. सावकाश, एकेक अक्षर.

तू कप ठेवलेस. वाकून कागदाकडं बघितलंस, तुला वाचता येत नव्हतं तरी. म्हणालीस, “सही चांगली आली तुमची.”

तेवढंच. रागावली असतीस तर बरं होतं. वालाच्या शेतात निंदणी करताना दुसऱ्या दिवशी मीच विषय काढला. म्हणालो, तूच तर म्हणाली होतीस, तुमीच आणलात म्हणा. तू विळा थांबवला नाहीस. म्हणालीस, “तवा म्हणलं व्हतं. जल्मभराचं नव्हतं म्हणलं.” मी काहीतरी बोलणार होतो, माझी बाजू होती थोडी. तेवढ्यात कुणाचीतरी गाय वालात शिरली आणि तू काठी घेऊन धावलीस. ते भांडण तिथंच राहिलं. आज ते पुढं न्यायला बसलोय तर समोर कुणी नाय, आणि माझी बाजू कुठली होती तेही आठवत नाय.

पत्र छापून आलं. सिनेमा त्यानं थांबला नाय. उलट नवी पोरं आली, टोप्या घालून, टेप लावून, वाटेवर पिशव्या टाकणारी. पुस्तकवाली जुनी मंडळी त्यांच्यावर चिडायची. ती नवी पोरं अंगणात येऊन विचारायची, सिनेमातली ती कुठं राहते? मी घरात निघून जायचो. तू पिकलेल्या केसांची, अंगणात शेणी थापत बसलेली. म्हणायचीस, “ती व्हय? ती गेली नांदाय, कासूकडं. उशीर केलात.” पोरं तोंड पाडून परत जायची. तू मागून हसायचीस. मला त्या हसण्यात बसता यायचं नाय.

एक गोष्ट मला उशिरा कळली. सहीच्या दिवसानंतर तू मोठ्यानं मोजणं सोडलंस. भाकऱ्या ताटात नुसत्या ठेवायचीस. अंडी, शेणी, भाताच्या पायल्या, सगळं मनात. सून म्हणाली, आत्या आता मोजत नाहीत वाटतं. तू म्हणालीस, विसरते गो. विसरत नव्हतीस. एकही भाकरी कमी पडली नाय की उरली नाय.

मी बोलायला पाहिजे होतं. दोन वर्षं होती. रोज वाटायचं, उद्या. पोरगा कंपनीतून शिफ्ट करून यायचा, त्याला तरी सांगावं. त्याला आजवर ठाऊक नाय. हे तो अंकात वाचेल.

शेवटच्या आठवड्यात तुला गिळायला होत नव्हतं. सून दमली होती म्हणून सकाळची पेज मी भरवत होतो. तू तोंड मिटून घ्यायचीस. एका सकाळी मी चमचा पुढं केला आणि काय सुचलं कोण जाणे, म्हणालो, “लाभ.”

तू डोळे उघडलेस. माझ्याकडं बघत राहिलीस. पेज घेतलीस. मी दुसरा चमचा भरला तर तूच म्हणालीस, “दोन.”

तीन मी म्हणालो. चार तू. सातपर्यंत गेलो, मग तू मान हलवलीस. ती माफी होती की नुसतं मोजणं, मला ठाऊक नाय. मी विचारलं नाय. वीस झाले असते तर विचारलं असतं, असं स्वतःला सांगतो, पण ते खरं नाय. मी विचारणारा माणूस नाय. ते तुला माहीत होतं, म्हणून तू दोन म्हणालीस, हे मात्र मला कळतं.

तेराव्याला सुभाष म्हणाला, मंडळ जाळीपाशी पाटी लावणार आहे, पत्र्याची, पांढऱ्या अक्षरांत. धोंडूबाबाची उतरण. मी म्हणालो, थांब थोडा. त्याला वाटलं दुःखात आहेत. तो बिचारा चांगला आहे. पुस्तकावर जीव लावणारा माणूस खोटा नसतो, त्याला फक्त खोटं वाचायला मिळालं.

तर सुभाष, मीना, आणि वाचणारे सगळे, तुम्हाला सांगतो. तुम्ही त्या सिनेमाला शिव्या घातल्यात त्या डोंगरासाठी, धबधब्यासाठी, पैंजणांसाठी, पुढून ओढलेल्या दोरासाठी, त्या सगळ्या बरोबर. बाईसाठी घातल्यात त्या परत घ्या. तिथं बाई होती. तुम्ही तिच्या हातचं दहाबारा वर्षं जेवलात. पाटी लावायची तर तिच्या नावाची लावा, नाय तर लावू नका. आणि हे वाचून आमच्याकडं यावंसं वाटलं नाय तर येऊ नका. सुनेच्या भाकऱ्याही चांगल्या होतात, एवढं सांगतो.

तुला काय सांगू, हिरा? परवा मी एकटाच जाळीपर्यंत जाऊन आलो. उतरताना मागं कुणी धरायला नव्हतं, म्हणून काठी मागं टेकत उतरलो. मोजत. वीस झाले की बसत. संध्याकाळ झाली खाली यायला. तुला त्या दिवशी किती वेळ लागला असेल, आणि मनगटाला काय काच पडला असेल, ते मी कधी विचारलंच नव्हतं. आठ दिवस तू त्या हातात बांगड्या भरल्या नव्हत्यास. मला वाटलं होतं, फुटल्या असतील.

कागद संपला. आता खाली सही करतोय. मागच्यासारखी येत नाय, धोंडूतला डू बघ कसा झालाय. पण ह्या खेपेला नीट बघ.

धोंडू राघो